तोंडातल्या टाचण्या

टाकेमावशींच्या ओठांत टाचण्या नाहीत, असं दृश्य आमच्या गल्लीत फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. कपडे शिवणारी माणसं माप घेताना टाचण्या तोंडात धरतात, त्यात नवल काही नाही. पण मावशी दुकान झाडतानाही त्या धरायच्या आणि दारावर दूध घेतानाही. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं म्हणजे हुंकारांचा अभ्यास लागे. छोटा 'हं' म्हणजे होईल. लांबट 'हंऽऽ' म्हणजे होईल, पण उद्या मागायला येऊ नका. 'अंहं' म्हणजे हे कापड दुकानदाराने तुमच्या गळ्यात मारलंय. गल्लीतल्या सगळ्यांना ही भाषा येत होती आणि कुणाला तिचं काही वाटत नव्हतं.

टाकेमावशी हे नाव कुणी ठेवलं ते आता आठवत नाही. त्यांचा हातटाका इतका बारीक, की त्यांनी शिवलेला शर्ट घाईत उलटा घालून कामावर गेलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत कुणी टोकलं नाही. दुकान म्हणजे एकच खोली, रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली. खिडकीतून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. कुणाच्या पँटचा काठ उसवला आहे, हे त्या माणसाच्या आधी मावशींना कळे. आत एक जुनं मशीन, गिऱ्हाइकांसाठी उभा आरसा, आणि कोपऱ्यात कापडाने मढवलेला, मानेपर्यंतचा पुतळा. आरशासमोर मावशी नेहमी गिऱ्हाइकाच्या मागे उभ्या राहत. स्वतःचं तोंड आरशात येणार नाही अशी त्यांची जागा ठरलेली होती.

कारण त्यांचे पुढचे दात. लहानपणी झोपाळ्यावरून पडल्या तेव्हा वरच्या दोन पुढच्या दातांपैकी एकाला मार बसला आणि तो हळूहळू राखी पडला, शाईचा डाग धुऊन उरावा तसा. त्याच्या शेजारच्याचा कोपरा त्यांनी स्वतःच घालवला होता. दोरा दाताने तोडायची सवय. एका जागी इतकी वर्षं दोरा तुटला, की तिथे खाच पडली. आणि दोन्हींवर, आजूबाजूलाही, पिवळं-तपकिरी किटण. ज्याच्याकडे बघायचंच नाही, ते घासणार तरी कसं? बोलताना ओठ मिटलेले, हसू आलंच तर हाताचा पंजा तोंडावर. टाचण्या असल्या की यातलं काहीच करावं लागत नसे.

घरातलं बोलण्याचं सगळं काम त्यांच्या यजमानांकडे होतं. ते सामानाचा टेम्पो चालवतात. मला म्हणायचे, "बाई, लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, मुलगी लाजाळू आहे. नंतर कळलं, तोंडात टाचण्या आहेत."

त्यावर मावशी 'हं' म्हणत. हा 'हं' वेगळ्याच अर्थाचा होता आणि तो यजमानांना बरोबर कळे.

एके दुपारी माझ्या कोटाचं अस्तर फाटलं म्हणून मी त्यांच्याकडे गेले. दार ढकललेलं होतं. आतून बोलण्याचा आवाज येत होता, सरळ, मोकळा, चढउतार असलेला आवाज. कोण पाहुणी आली आहे म्हणून मी पायरीवरच थांबले.

"आता सांग, बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा, खांद्याच्या या भोकापेक्षा, मोठा का ठेवला? नाही येत? हात पुढे कर. काखेत ओढतंय ना? ओढणारच. माणूस काय लाकडाचा असतो? त्याला हात वर करायचा असतो, डबा काढायचा असतो, कुणाला तरी मिठी मारायची असते. ती जागा बाहीत आधीच ठेवावी लागते."

मी डोकावले. मावशी पुतळ्याला बाही लावत होत्या आणि त्याला शिकवत होत्या. आयुष्य शाळेत गेल्यामुळे मला चांगला धडा ऐकला की कळतो. हा चांगला होता. प्रश्नापासून सुरू झाला होता, आणि उत्तर अंगाला लावून दाखवलं होतं. पुतळ्याला डोकं नव्हतं, म्हणून डोळेही नव्हते. त्याच्यासमोर मावशी तोंड भरून बोलू शकत होत्या.

मला पाहिलं मात्र, त्यांचा हात टाचण्यांच्या उशीकडे गेला. दोन टाचण्या ओठांत. "हं?"

मी कोट पुढे केला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या दुकानाच्या पायऱ्या उतरून शिवणशाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. मावशींनी दुरुस्त केलेलं एक जाकीट त्यांनी कुणाच्या तरी अंगावर पाहिलं होतं. मी तेव्हा कोट न्यायला आले होते, मावशींची मुलगीही होती. ती औषधांच्या दुकानात काम करते. बोलायला बापावर आणि हट्टाला आईवर गेली आहे.

"मागेही मी आले होते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. आता आमच्या शिकवणाऱ्या बाई निवृत्त होताहेत. समितीसमोर, मुलींना बसवून, एक नमुना पाठ द्यायचा. पाठ जमला तर जागा तुमची. या वेळी नाही म्हणालात तर मला दुसरं कुणी बघावं लागेल, आणि मग ती जागा लवकर मोकळी होणार नाही."

मावशींनी 'हंऽऽ' केलं. मुख्याध्यापिकांना ही भाषा येत नव्हती. "विचार करून कळवा," म्हणून त्या पायऱ्या चढून गेल्या.

मुलगी आईसमोर स्टूल ओढून बसली. "आई, तुला शिकवायचं नाहीये, की दात दाखवायचे नाहीयेत? दोन्हींपैकी एक सांग, म्हणजे नेमकं त्याच्यावर भांडू."

मावशींनी टाचण्या काढल्या. एकेक करून उशीत खोचल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "शिकवायचंय."

"मग चल डॉक्टरकडे."

"एकदा गेले होते."

ती गोष्ट गल्लीला माहीत होती. फार पूर्वी एका दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की दोन्ही दात घासून बारीक करू आणि वर टोप्या बसवू. मावशी गळ्यातल्या रुमालासकट खुर्चीतून उठून घरी आल्या होत्या. तो रुमाल अजून मशीनचं तेल पुसायला वापरात होता.

"चांगल्या कापडाला कात्री लावायला निघाला होता," मावशी म्हणाल्या. "रंग गेला म्हणून कुणी कापतं का?"

"ही डॉक्टर कापत नाही," मुलगी म्हणाली. "हिच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. मी विचारून आलेय."

"कधी?"

"मागच्या वेळी तू नाही म्हणालीस तेव्हाच."

मला मावशी म्हणाल्या, "बाई, तुम्ही चला. मी पळाले तर दारात धरा."

डॉक्टर तरुण होत्या. केस एका टोपीत कोंबलेले, टोपीवर लिंबांचं चित्र. खुर्ची मोठ्या खिडकीशी होती. त्यांनी छोट्या आरशाने सगळं तोंड पाहिलं, एक्स-रे काढला, राखी दातावर हलकेच टकटक केलं.

"हा तुम्ही पडलात तेव्हाच आतून मेला. इतकी वर्षं नुसता उभा आहे बिचारा."

"काढायचा?"

"कशाला? उभा आहे ना."

"मग घासून टोपी?"

"नको. मागच्या बाजूने छोटंसं दार करते. आतलं साफ करते, त्याला रूट कॅनॉल म्हणतात. मग आत उजळवणारं औषध ठेवते. डाग आतून पडलाय, आतूनच काढू. शेजारच्याला खाच आहे, तिथे नुसती भर घालायची, दाताच्याच रंगाची. तुमचं जे आहे त्यातलं होता होईतो काही कमी करायचं नाही."

मावशी खुर्चीत जरा उठून बसल्या. "म्हणजे रफू."

"हो, रफूच. पण आधी धुलाई. मळक्या कापडावर रफू करता का तुम्ही?"

"अंहं," मावशी म्हणाल्या. तोंडात टाचण्या नव्हत्या तरी.

"दात घासताना आरशात बघता?"

मावशींनी नजर खिडकीबाहेर नेली.

"वाटलंच. मागच्या दाढा लखलखीत आहेत. पुढेच दुर्लक्ष. दुर्लक्ष झालेलं वेगळं आणि वाया गेलेलं वेगळं, मावशी. तुमचं वाया काही गेलेलं नाही."

बाहेर पडल्यावर मावशी भराभर चालत निघाल्या. वळणावर थांबून म्हणाल्या, "टोपीवर लिंबं आहेत, पण पोरगी गोड आहे." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापिकांना होकार कळवला.

पुढचे आठवडे गल्लीला दुसरा विषय नव्हता. धुलाई झाली. मावशी न्हाणीघरात छोटा आरसा टांगून दात घासायला शिकल्या, आणि सुजलेल्या हिरड्या हळूहळू गुलाबी झाल्या. दाताच्या मागचं दार उघडलं, साफ झालं, औषध आत गेलं. दर खेपेला औषध बदललं की रंग थोडा उतरलेला असे. त्याची बातमी मावशी दोऱ्याच्या भाषेत देत. "राखी सुटलं. आता उंटी आहे." पुढच्या वेळी, "लोण्याच्या जवळ आलंय." यजमान तर पांढऱ्या रिळांचा डबाच घेऊन बसले. एक रीळ बायकोच्या दाताशी धरून लांबून बघत, दुसरं धरत.

"हे जुळतंय बघा, बाई."

"अहो, ते अस्तराचं रीळ आहे," मावशी म्हणाल्या. "माझे दात काय आतल्या बाजूने घालायचेत?"

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. मावशींनी विनोद केला होता, शब्दांत. त्यांनी घाईने पंजा तोंडावर घेतला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पाठाची तारीख जवळ येत होती आणि डॉक्टर घाई करत नव्हत्या. उजळवायचं औषध काढल्यावर काही दिवस थांबावंच लागतं, नाहीतर घातलेली भर नीट धरत नाही, असं त्यांनी बजावलं होतं. मुलगी कॅलेंडर बघून अस्वस्थ. मावशी उलट शांत. "ओल्या कापडाला इस्त्री करून माप घेतलं तर नंतर आटतं," म्हणाल्या. "थांबू दे तिला."

शेवटच्या दिवशीही मी गेले होते. डॉक्टरांनी आधी डोक्यावरचा दिवा बंद केला आणि खुर्ची खिडकीकडे वळवली. रंगांच्या पट्ट्यांचा एक पंखा काढून एकेक पट्टी दाताशी धरू लागल्या. मावशींनी मान हलवून मला खूण केली. त्याही दोरा दारात जाऊन, दिवसाच्या उजेडात जुळवतात. त्या खुणेनंतर त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरायचं सोडलं.

खाचेत भर घालायचं काम मी कोपऱ्यातून पाहिलं. पातळ थर, त्यावर निळा दिवा. पुन्हा थर, पुन्हा दिवा. मग कानशीने कोपरा घडवणं, मग झिलई. डॉक्टर मध्येच मागे सरकून डोळे बारीक करत आणि पुन्हा पुढे होत. शेवटी त्यांनी हातआरसा दिला.

मावशींनी शिवण तपासावी तसं तपासलं. आधी काठ. मग जिभेने मागची बाजू. मग खिडकीच्या उजेडात डावीकडून, उजवीकडून. डॉक्टर हातमोजे काढायचं विसरून उभ्या होत्या.

"जोड दिसत नाही," मावशी म्हणाल्या.

याहून मोठी शाबासकी त्यांनी कुणाला दिलेली मी ऐकलेली नाही. आणि मग त्या हसल्या. ते हसू कुठून तरी खालून निघालं, आधी अडखळत, मग वेग घेत, तेल घातल्यावर जुनं मशीन पळायला लागतं तसं. बाहेर बसलेला एक पेशंट दार उघडून बघायला आला. इतकं मोठं हसू त्या दोन मिटल्या ओठांमागे कसं मावत होतं कोण जाणे.

"आता नीट ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "नखं, पेनाची टोपणं, बाटलीची झाकणं, काही काही दाताने करायचं नाही. आणि दोरा तर नाहीच."

"बरं."

"दोरा नाही."

"बरं म्हटलं ना गं."

घरी येताना मावशी प्रत्येक दुकानाच्या काचेपाशी रेंगाळल्या. चपलांच्या दुकानात त्यांना चपला दिसल्या नाहीत आणि भांड्यांच्या दुकानात भांडी. यजमान दारातच उभे होते. मावशी त्यांच्याकडे बघून हसल्या, पंजा न घेता. गल्लीभर बोलणाऱ्या त्या माणसाने टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "आता माझी पंचाईत आहे. आता ही उत्तरं देणार."

मुलीने एक छोटी कात्री फितीला बांधून आईच्या गळ्यात घातली. "ही झोपताना काढायची, बाकी कधी नाही."

पाठाच्या सकाळी पुतळा टेम्पोतून शाळेत गेला. मागे सामान होतं म्हणून यजमानांनी त्याला पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला. मावशी खिडकीशी.

वर्गात लांब टेबल, बाकांवर मुली, बाजूला समितीच्या खुर्च्या. मी शेवटच्या बाकावर. मावशी उभ्या राहिल्या. हात सवयीने कॉलरकडे गेला, जिथे त्या एरवी टाचण्या खोचतात. तिथे एकही नव्हती. त्या सगळ्या त्यांच्या मुलीने घरी काढून ठेवल्या होत्या. क्षणभर ओठ मिटलेलेच राहिले.

"बाहीचा घेर," मावशी म्हणाल्या, "मुंढ्यापेक्षा मोठा का ठेवतात?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मग एक धीट मुलगी म्हणाली, "चुकून?"

वर्ग फिसकन हसला. मावशीही हसल्या. "माझी पहिली बाही चुकूनच मोठी झाली होती. इकडे ये. हात वर कर. डबा काढायचाय असं समज."

त्यानंतर मला काळजी करायला वेळच मिळाला नाही. मुली बाकांवरून पुढे सरकत होत्या, समितीतले एक गृहस्थ स्वतःची बाही चाचपून बघत होते. मावशींनी बाहीच्या वरच्या कडेला धावदोरा घातला, तो ओढून बारीक चुण्या पाडल्या आणि दोन्ही हातांच्या चिमटीत त्या मुंढ्यावर बसवत आणल्या. "आता या सोडायच्या नाहीत. सोडल्या की सगळ्या एका जागी जमतात आणि खांद्यावर बटाटा दिसतो." दोऱ्याचं टोक मध्ये येत होतं. मान झुकली, डोकं वळलं, आणि टक्.

आवाज मला शेवटच्या बाकावर ऐकू आला.

मावशी थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला. उजवं कोपर वर उठलं. पंजा तोंडाकडे निघाला होता. पण चिमटीतल्या चुण्या घसरू लागल्या. मावशींनी चुण्यांकडे पाहिलं, समोरच्या मुलींकडे पाहिलं, आणि कोपर खाली आलं. नोकरीची परीक्षा समिती घेत होती. मावशींची खरी परीक्षा ती एवढीच होती.

त्यांनी जिभेने तुकडा ओठांवर आणला आणि टाचणी टाकावी तसा टेबलावर टाकला.

"दात," त्या म्हणाल्या.

मागच्या बाकांवरच्या मुली माना उंचावून बघू लागल्या.

"नवा होता. डॉक्टर म्हणाल्या होत्या, दोरा दाताने तोडू नका. मुलीने गळ्यात कात्री बांधली. ही बघा, इथे लोंबतेय. आणि मी काय केलं?"

"दाताने तोडला," धीट मुलगी हळूच म्हणाली.

"का?"

"सवय."

"सवय. आता सगळ्यांनी नीट बघून घ्या, म्हणजे तुम्ही ही लावून घेणार नाही." हात अडकलेले होते, म्हणून मान पुढे काढून, ओठ उचलून त्यांनी ती खाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या वर्गाला दाखवली. आणि मग खालून ते हसू निघालं. मुली आधी बावरल्या, मग एक हसली, मग सगळ्याच. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"हसून झालं असेल," मावशी म्हणाल्या, "तर कुणीतरी येऊन या कात्रीने तो दोरा कापा. माझे हात गुंतलेत."

बाही बसली. खांद्यावर बटाटा नव्हता. मुख्याध्यापिकांनी समितीकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "सोमवारपासून जमेल?"

"हं," मावशी म्हणाल्या. आणि त्यांना कळलं नसेल असं वाटून, "जमेल."

टेम्पोत बसल्यावर मात्र त्या गळाल्या. तुकडा रुमालात बांधलेला. "त्या पोरीचं सगळं काम मी घालवलं. आता ती घासून टोपीच बसवणार."

तसेच थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तोंडात पाहिलं. "दोरा?"

"दोरा."

"मला वाटलं होतं निदान वर्षभर तरी टिकेल. अहो, रडताय कशाला? तुटलंय ते माझं काम. तुमचा दात आहे तसाच आहे. मी त्याला हातच लावला नव्हता, नुसती भर घातली होती. घासून टोपी बसवली असती तर आज दुखणं वेगळं असतं. टेका मागे."

यजमान टेम्पो लावायला जागा शोधून वर येईपर्यंत निळा दिवा लागलाही होता.

पुतळा त्या दिवसापासून शाळेतच राहिला. परवा मुलींनी मला तो दाखवायला बोलावलं. त्यांनी त्याला डोकं केलं होतं, चिंध्या भरून, कापड ताणून. दोऱ्याने विणलेले केस, काळ्या बटणांचे डोळे, आणि कानापर्यंत पोचलेलं हसू. पांढऱ्या रेशमाने एकेक दात भरलेला, आणि पुढच्या एका दाताला मुद्दाम कोपरा नव्हता.

मावशी दारातून आल्या. मुली बाजूला सरकून उभ्या राहिल्या. मावशींनी पुतळ्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं. इतकी वर्षं ज्याच्यासमोर त्या बोलत आल्या, त्याला आता दिसत होतं. त्या इतक्या हसल्या, की टेबलाचा आधार घ्यावा लागला.

मग जवळ गेल्या, पुतळ्याची हनुवटी धरून त्याचं तोंड खिडकीकडे वळवलं.

"दात छान झालेत," म्हणाल्या. "डावा डोळा खाली आलाय. उसवा."